काडीमोडीनंतरची वाटणी



आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दोन भाऊ वेगळे झाले तर वाटप कसं करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. पंच बसतात. गट नंबरवार जमीन मांडली जाते. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, बांधावरचा आंबा कुणाचा, म्हशी किती कुणाकडे, सोसायटीचं कर्ज कुणी फेडायचं, कारखान्याचा शेअर कुणाच्या नावावर ठेवायचा, सगळं कागदावर येतं. एका भावाला गुंठाभर कमी आलं तर तो पंधरा वर्षं कोर्टात भांडतो आणि गाव त्याला नावं ठेवत नाही. हक्काचं आहे, भांडणारच, असं म्हणतं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदार सरस-निरस मानानं वाटप करून देतात. म्हणजे पंच आहेत, रिवाज आहे, कायदा आहे आणि कचेरीही आहे.

त्याच घरातली एक सून बावीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यापासून वेगळी होते. पुन्हा पंच बसतात, बऱ्याचदा तेच पंच. या वेळी जमीन मांडली जात नाही, पाण्याच्या पाळीचा विषय निघत नाही. एवढंच विचारतात, "पोरीला महिन्याला किती द्यायचं, का एकदमच काय ते देऊन टाकायचं?"

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते दिवाणी बाजूचे वकील होते आणि वाटपाच्या दाव्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणून मी आज वाटपावरच बोलायचं ठरवलं. फक्त भावाभावांच्या नव्हे, नवरा-बायकोच्या. माझी वकिली कौटुंबिक दाव्यांतच गेली आहे आणि माझं म्हणणं थोडक्यात असं : संसार मोडल्यावर आपल्याकडे बाईला जे मिळतं ते तिची गरज पाहून मिळतं. तिनं त्या संसारात काय घातलं हे पाहून मिळत नाही. हे बदलायला हवं, आणि ते बदलण्याची सुरुवात करायला कोल्हापूरइतकं योग्य ठिकाण दुसरं नाही.

आधी कायदा काय आहे ते पाहू. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मिळकतीवर थेट बोलणारं कलम एकच, 27 वं. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या आणि दोघांच्या सामाईक मालकीच्या वस्तूंची विल्हेवाट कोर्ट लावू शकतं. 1997 साली सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा अर्थ थोडा सैल केला. लग्नाआधी वा नंतर दिलेली वस्तूही लग्नाच्या निमित्तानं दिलेली असेल तर ती त्यात बसते असं म्हटलं. तरी विषय भांड्याकुंड्यांचा, कपाटाचा आणि दागिन्यांचाच राहिला. लग्नानंतर बारा वर्षांनी घेतलेला फ्लॅट त्यात येत नाही. 25 वं कलम कायमच्या पोटगीचं. 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानं नवरा-बायकोतले मिळकतीचे दावे ऐकण्याचा अधिकार या न्यायालयाला दिला, हे खरं. पण दावा ऐकताना कोर्ट बघणार काय? मिळकत कुणाच्या नावावर आहे आणि पैसे कुणी भरले. जिनं पगार आणला नाही, जिच्या नावावर काही नाही, तिच्या खात्यात या हिशोबानं शून्य येतं.

आणि याच देशाच्या कायद्याला घरकामाची किंमत करता येत नाही असं मुळीच नाही. अपघातात गृहिणी दगावली तर नुकसानभरपाई ठरवताना तिच्या घरातल्या कामाचं मोल धरलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली सांगितलं आणि 2021 च्या जानेवारीत पुन्हा ठासून सांगितलं. तिच्या कामाला पैशाची किंमत नाही ही समजूतच चुकीची आहे, असा त्या निकालाचा रोख आहे. म्हणजे हायवेवर ती गेली तर तिच्या कामाचे पैसे विमा कंपनीनं तिच्या नवऱ्याला द्यायचे. ती जिवंत राहिली आणि वेगळी झाली, तर त्याच कामाचं मोल नवऱ्याकडे मागायची सोय कायद्यात नाही. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांची 88. ही मिनिटं कुठल्याही सातबाऱ्यावर येत नाहीत.

आता कोल्हापूरच का, ते सांगते. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली पुनर्विवाहाच्या नोंदणीचा कायदा केला. 1919 साली आंतरजातीय विवाहाला मान्यता दिली, त्याच साली बायकांना क्रूरपणे वागवण्याला आळा घालणारा कायदा आला आणि त्याच साली काडीमोडीचाही. बहुजनांतल्या बऱ्याच जातींत काडीमोड रूढीनं होत होतीच. महाराजांनी तिला दरबारी कायद्याची चौकट दिली. बडोद्याचा घटस्फोटाचा कायदा 1931 चा, मुंबई प्रांताचा 1947 चा आणि अख्ख्या देशाचा 1955 चा. आपण देशाच्या 36 वर्षं पुढे होतो. 1920 च्या मार्चमध्ये कागल जहागिरीतल्या माणगावला परिषद झाली, तिथे महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना तुमचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभं केलं. त्याच बाबासाहेबांनी पुढे हिंदू कोड बिलात घटस्फोट आणि बाईचा संपत्तीवरचा पूर्ण हक्क एकत्र मांडले आणि बिल रखडलं तेव्हा 1951 साली मंत्रिपद सोडलं. हे दोन्ही हक्क पुढे आले, पण वेगवेगळ्या कायद्यांतून. घटस्फोट 1955 च्या कायद्यात गेला. संपत्ती 1956 च्या वारसा कायद्यात गेली आणि त्याच्या 14 व्या कलमानं बाईच्या हाती आलेली मिळकत पूर्णपणे तिची ठरली. या दोन कायद्यांच्या मधे एक जागा रिकामी राहिली: संसार चालू असताना दोघांच्या कष्टानं उभं राहिलेलं, पण तिच्या हाती कधी न आलेलं. आज माझ्या टेबलासमोर येणाऱ्या बहुतेक बायकांचं दुःख या रिकाम्या जागेतलं आहे.

तरी जे हातात आहे ते आधी बघू, कारण तेही बायका सोडून देतात.

पहिल्या भेटीत बाई हमखास म्हणते, "मॅडम, मला त्याचं काय नको. माझं डाग तेवढं मिळवून द्या." डाग म्हणजे साज, ठुशी, पाटल्या, चिंचपेटी. हे स्त्रीधन. ते तिचं एकटीचं, नवरा किंवा सासू फक्त सांभाळणारे, परत दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघात, हे सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली स्पष्ट केलं. 2015 साली सांगितलं की न्यायिक विभक्तीनंतरही तिचा त्यावरचा हक्क बुडत नाही. 2024 साली पुन्हा म्हटलं की अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं असलं तरी परत करणं त्याचं कर्तव्य आहे. कायदा असा स्वच्छ आहे. अडतं ते पुराव्यावर.

साजाचंच घ्या. आपला कोल्हापुरी साज दिसायला भरघोस, पण त्याचे मणी आणि पानं सोन्याच्या पातळ पत्र्याची, आत लाख भरलेली. तो तराजूत टाकला की वजन येतं लाखेसकट. एका प्रकरणात नवऱ्याकडच्यांनी साज परत द्यायचं कबूल केलं, पण दिला तो वेगळाच, नवा आणि हलका. बाई म्हणाली, हा माझा नव्हे. तिचा साज आजीकडून आलेला, मधलं पान एकदा तुटलं म्हणून गुजरीतल्या सराफाकडून जोडून घेतलेलं. तो सराफ हयात होता. त्याच्या जुन्या वहीत नोंद सापडली, "साज दुरुस्ती, पान एक", वजन आणि तारीख. त्या एका ओळीनं प्रकरण मिटलं. पावती ठेवा, फोटो ठेवा, असं मी वारंवार सांगते त्याचं कारण हे.

आपल्याकडे लग्न ठरलं की याद होते. दोन्हीकडची मोठी माणसं बैठकीला बसतात आणि कुणी काय घालायचं, कुणी काय द्यायचं हे कागदावर उतरवून सह्या करतात. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याखाली हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा आहे, म्हणून लोक हा कागद नंतर फाडून टाकतात. पण त्याच कायद्याखालचे 1985 चे नियम सांगतात की वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची रीतसर यादी करायची, कुणी दिलं, नातं काय, अंदाजे किंमत किती, आणि तिच्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. अशी यादी केलेलं लग्न मी अजून पाहिलेलं नाही. ज्या समाजाला याद करायची सवय आहे त्याला ही यादी जड जायचं कारण नाही. मुलीच्या बापाला मी सांगते : मांडवाचा, केटररचा, घोड्याचा हिशोब ठेवता, तसा मुलीच्या अंगावरच्या सोन्याचाही ठेवा, आणि तो कागद मुलीकडे द्या.

घराची गोष्ट याहून किचकट. 2021 च्या एप्रिलपासून महाराष्ट्रात बाईच्या नावानं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून पुष्कळ फ्लॅट बायकोच्या नावावर झाले. हप्ते नवऱ्याच्या पगारातून जातात. भांडण झालं की तो म्हणतो, माझ्या पैशाचं, माझं. दुसरीकडे घर त्याच्या नावावर असतं आणि डाउन पेमेंटला तिचे डाग मोडलेले असतात. बँकेला यातलं काहीच कळत नाही. कर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या असतील तर घटस्फोटाचा हुकूमनामा दाखवून एकाचं नाव निघत नाही; बँकेची संमती लागते, नाहीतर कर्ज फेडून मोकळं व्हावं लागतं. राहण्याचा हक्क मात्र वेगळा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं बाईला सामायिक घरात राहण्याचं संरक्षण दिलं आणि 2020 च्या निकालानं ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी हा हक्क लागू शकतो हे सांगितलं. पण राहता येणं वेगळं आणि मालकी वेगळी. पन्नाशीतल्या बाईला छप्पर मिळतं, पण ते विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, लेकीला देता येत नाही.

जमिनीपाशी आलं की सगळे गप्प होतात. वडिलोपार्जित जमिनीत सुनेला नवऱ्याच्या हयातीत वाटा मागता येत नाही. आपल्या इलाख्यात मात्र हिंदू कायद्याचा एक जुना नियम आहे आणि तो माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतो. बाप आणि मुलं यांच्यात वाटप झालं तर त्या बापाच्या बायकोला मुलाएवढा वाटा मिळतो. याची मुळं मिताक्षरेत आहेत. नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वरानं ती लिहिली. बाईला स्वतः वाटप मागता येत नाही, पण मुलांनी मागितलं की तिचा वाटा उभा राहतो. आणि मुलांमध्ये आता मुलीही आल्या, महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून. अज्ञान मुलांच्या वतीनं आई असा दावा लावू शकते. फक्त वेळ सांभाळायला हवी. हा वाटा बायको म्हणून मिळतो. घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्यावर ती बायको राहत नाही. घाईनं परस्परसंमतीच्या अर्जावर सही करून मग सल्ल्याला येणाऱ्या बायकांना हे सांगताना मला फार वाईट वाटतं.

ऊस, म्हैस आणि डेअरी या तीन गोष्टींवर आपला जिल्हा उभा आहे. पहाटे आणि संध्याकाळी धार कोण काढतं, वैरण कोण आणतं, शेण कोण उचलतं, हे इथल्या प्रत्येकानं घरी पाहिलंय. दहा दिवसांचं दुधाचं बिल सभासदाच्या नावावर जमा होतं आणि सभासद बहुतेक पुरुष असतो. उसाचं बिल कारखान्याच्या सभासदाच्या खात्यात. भांगलण, लावण, पाला काढणं तिचं. 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेनं महिलांचं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर शरद जोशींनी लक्ष्मी मुक्तीची हाक दिली : शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावावर करावा. शेकडो गावांत लोकांनी तो केला. 1992 साली सरकारनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव घालण्याचा शासन निर्णय काढला, 2003 साली ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर दोघांच्या नावावर लावण्याचा. इकडे शेजारच्या सांगली जिल्ह्यात कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी परित्यक्ता बायकांना संघटित करून घराची जागा, जमीन आणि स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं. त्या बायकांना घटस्फोट मिळालेला नव्हता आणि पोटगीही नव्हती. नुसतं टाकून दिलेलं. 2011 च्या जनगणनेत देशात अशा विभक्त बायका 23 लाखांवर होत्या, घटस्फोटितांच्या दुपटीहून जास्त. इंदुताईंनी मागितलं ते सरकारकडे, कारण नवऱ्याकडे मागायला कायदा जागा देत नव्हता.

आता वाटाघाटीकडे येते. मी स्वतः वाटाघाटीच्या बाजूची आहे. कोर्टात दहा वर्षं घालवून मिळणाऱ्या निकालापेक्षा टेबलावर सहा महिन्यांत झालेली समजूत बहुतेक वेळा बरी असते. कौटुंबिक न्यायालय कायद्याचं 9 वं कलम न्यायाधीशांवरच समेटाचा प्रयत्न करण्याचं कर्तव्य टाकतं. समुपदेशक असतात, मध्यस्थी केंद्र असतं, वकील हा हक्क म्हणून नव्हे तर कोर्टाच्या परवानगीनं येतो. बाईला उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो आणि महाराष्ट्रात 1994 पासून अशा दाव्यांत तिला कोर्ट फीही माफ आहे.

पण कुठल्या वाटाघाटी, ते बघा. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरीसमोर लिहिलेली सोडचिठ्ठी आजही आपल्याकडे चालते. तीत वाक्य असतं : आजपासून उभयतांचा एकमेकांच्या स्थावर-जंगम मिळकतीवर कसलाही हक्क राहिला नाही. बाईला लाख-दोन लाख मिळतात. जातीची जुनी, सिद्ध करता येईल अशी रूढी नसेल तर या कागदानं लग्न मोडत नाही. पोटगीचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी कोर्ट ते डोळे झाकून मानत नाही. तरीही बाई धास्तीनं गप्प बसते, कारण सही केलेली असते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. मिळकतीत वाटा मागायचा हक्क नसल्यामुळे टेबलावर बसलेल्या बाईच्या हातात सौदा करण्यासारखं एकच उरतं, फौजदारी तक्रार. नवरा, सासू, दीर, नणंद सगळ्यांची नावं घातलेली. मग समजुतीच्या अटींत लिहिलं जातं : अर्जदारानं इतके लाख द्यायचे, सामनेवालीनं फिर्याद मागे घ्यायची. खरा छळ झालेल्या बाईची तक्रार त्यामुळे पैशासाठीची ठरते आणि छळ न करणारी म्हातारी सासू उगाच पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढते. खोट्या तक्रारींबद्दल जे लोक तावातावानं बोलतात त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी वाट्याच्या हक्काची मागणी आमच्याबरोबर करावी. ज्या दिवशी बाईला दिवाणी दाव्यात हिस्सा मागता येईल, त्या दिवशी फौजदारी कोर्टातली गर्दी कमी होईल याबद्दल मला शंका नाही.

चांगली वाटाघाट कशी असते तेही सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नवऱ्याचं शिरोलीच्या एमआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं, चार लेथ. बायको दहावी शिकलेली. तिचं म्हणणं अर्धा धंदा माझा, त्याचं म्हणणं ही कधी कारखान्यात पाऊलही टाकायला आली नाही. तिनं पिशवीतून लेकाची जुनी दोनशे पानी वही काढली. मागच्या पानांवर पिग्मीच्या रकमा, भिशीचा हप्ता, शिवणकामाचे आलेले पैसे आणि तारखा. एका पानावर लिहिलं होतं, "दुसरं मशीन, भिशी उचलली". मध्यस्थांनी ते पान नवऱ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "दुसऱ्या लेथला पैसे कुठून आणले होते?" तो बराच वेळ पानाकडे बघत बसला. मग म्हणाला, "हिनंच दिलते." तिथून पुढचं बोलणं दीड तासात संपलं. वर्कशॉप त्याच्याकडे. फ्लॅट तिच्याकडे, उरलेलं कर्ज त्यानं फेडून. मुलांचं शिक्षण दोघांत, प्रमाण ठरवून. त्या दिवशी जे वाटलं गेलं ती पोटगी नव्हती, हे दोघांनाही कळत होतं. पण वही नसती तर? आणि नवरा खरं बोलणारा नसता तर? कायद्यानं तिला काही दिलं नसतं. तिचं नशीब त्या एका माणसाच्या प्रामाणिकपणावर अवलंबून होतं.

म्हणून वाटाघाटीला बसण्याआधी कागद हवेत. 2020 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपली मिळकत, उत्पन्न आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र दिलंच पाहिजे असं ठरवलं. हे माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं सर्वांत उपयोगी पाऊल. आपल्याकडे ते खोटं भरलं जातं हेही खरं. बागायतदार माणूस वर्षाला लाखभर उत्पन्न लिहितो. तेव्हा कारखान्याकडून उसाच्या बिलाचा उतारा मागवा, ई-पीक पाहणी बघा, डेअरीचं खातं बघा, पतसंस्थेतली ठेव बघा. दावा लागायच्या आठवड्यात भावाच्या नावानं बक्षीसपत्र झालंय का, ते दुय्यम निबंधकाकडे शोधा, आणि दावा लावला की त्याची नोटीसही तिथे नोंदवून घ्या म्हणजे मागाहून घेणाऱ्याला कानावर हात ठेवता येणार नाहीत.

समजुतीच्या अटी लिहिताना एक चूक फार दिसते. अर्जात फ्लॅटचा उल्लेखच नसतो, अटींत मात्र तो बायकोला दिलेला असतो. नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दाव्याचा विषय नसलेली स्थावर मिळकत संमतीच्या हुकूमनाम्यात आली तर तो हुकूमनामा नोंदवावा लागतो आणि मुद्रांकाचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा सिटी सर्व्हे नंबर, गट नंबर, चतुःसीमा मूळ अर्जातच घाला. शिवाय परस्परसंमतीच्या घटस्फोटात हुकूमनामा होईपर्यंत कुणालाही संमती मागे घेता येते. पैसे कोर्टात जमा झाल्याशिवाय हक्क सोडू नका. आणि संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही, हे सही करण्याआधी पक्षकाराला दोनदा सांगा.

हे सगळं असलेल्या कायद्यात. नसलेला कायदा कसा असू शकतो हे बघायला लांब जावं लागत नाही. चंदगडहून तिलारी घाट उतरून दोडामार्ग ओलांडला की गोवा. तिथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेला नियम आहे : लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नाबरोबर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक होते आणि वेगळं होताना ती अर्धी-अर्धी. घर विकायला बायकोची सही लागते. तिथल्या बायकांवरही सही करण्यासाठी दबाव येतो, तिथेही दावे रेंगाळतात. पण तिथली बाई "माझा अर्धा" असं म्हणून दावा सुरू करते. पलीकडच्या अंगाला तिची चंदगडची मावसबहीण "मला जगायला द्या" असं म्हणून सुरू करते. दोघींचं लग्न, काम आणि भाषा सारखीच आहे.

इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं 2000 साली व्हाइट विरुद्ध व्हाइट हा निकाल दिला. तोही दुधाच्या धंद्याचाच, सॉमरसेटमधल्या शेतकरी जोडप्याचा. पैसे मिळवणारा आणि घर सांभाळणारा यांच्यात भेदभाव करायचा नाही आणि वाटणी ठरवल्यावर ती समानतेच्या मापानं तपासून बघायची, असं लॉर्ड निकल्स यांनी त्यात सांगितलं. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयानं 2023 च्या जूनमध्ये, नवऱ्याच्या परदेशातल्या कमाईतून घेतलेल्या मिळकतीत घर सांभाळणाऱ्या बायकोचा समान वाटा मान्य केला. तो निकाल महाराष्ट्रातल्या कोर्टांवर बंधनकारक नाही, पण त्याचा आधार घ्यायला मज्जावही नाही. संसदेतही प्रयत्न झाला. नवऱ्याच्या मिळकतीत बायकोला हिस्सा देणारं विवाह कायदा दुरुस्ती विधेयक 2013 च्या ऑगस्टमध्ये राज्यसभेनं मंजूर केलं. लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि पुढच्या वर्षी संपलं. त्या वेळी सर्वांत जास्त गदारोळ वडिलोपार्जित मिळकतीवरून झाला होता.

त्या प्रश्नाला मी बगल देणार नाही. लग्नाला चार वर्षं झालेल्या सुनेनं आजेसासऱ्याच्या जमिनीत अर्धा वाटा मागावा, असं मी म्हणत नाही. पण ती आली तेव्हा जिरायत असलेल्या त्या जमिनीवर तिच्या वीस वर्षांत विहीर पडली, नदीवरून पाइपलाइन आली, सपाटीकरण झालं, ठिबक बसलं, घर बांधलं, ट्रॅक्टर आला. जमीन नवऱ्याच्या बापाची असेल. पण त्या जमिनीवर चढलेली ही वाढ दोघांची आहे. दिवाणी वाटपात एका भावानं जमिनीत केलेल्या सुधारणांचा हिशोब आपण करतोच. तोच हिशोब इथे लावा. लग्नाच्या काळात जे घेतलं ते सारखं वाटा, जे वाढलं त्याची वाढ वाटा, लग्न किती वर्षं टिकलं ते बघा, दोघांची देणीही त्याच यादीत धरा. आणि हाच नियम कमावत्या बायकोच्या मिळकतीलाही लावा. बायको प्राध्यापक आणि नवरा घर सांभाळणारा असेल तर त्याचाही वाटा निघाला पाहिजे. मुस्लिम बहिणींसाठी 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं 1986 च्या कायद्याचा अर्थ लावून इद्दतीच्या मुदतीतच पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करून द्यायला सांगितलं आहे. नव्या कायद्यानं त्यांना त्याहून कमी देता कामा नये.

कायदा संसद करेल तेव्हा करेल. तोपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. 2025 च्या 17 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या कौटुंबिक न्यायालयांच्या निकालांवरची अपिलं आता इथे येतात. चाळीस वर्षं वकिलांनी आणि पक्षकारांनी जी मागणी केली ती पूर्ण झाली आहे. पूर्वी आजऱ्याची बाई अपिलासाठी मुंबईला जायचं म्हटलं की हात जोडायची. माझ्या तरुण सहकाऱ्यांना सांगणं आहे की त्यांनी यापुढचा प्रत्येक अर्ज वेगळा लिहावा. पोटगीच्या मागणीच्या वर मिळकतीची यादी घालावी, त्यातली कुठली लग्नानंतर आली ते लिहावं, बाईनं तिच्यात काय घातलं ते कामाच्या तासांसकट लिहावं आणि तिचा हिस्सा किती याचं स्वतंत्र कलम घालावं. खालचं कोर्ट बहुतेक वेळा नाकारेल. नाकारलं की अपील करावं. ते आता सीपीआर रुग्णालयासमोरच्या आपल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत चालेल.